न दिसणारे मूल

रस्त्यात शाळेची बस मुलांना उतरवण्यासाठी किंवा चढवण्यासाठी उभी असेल, तर मागून आणि समोरून येणाऱ्या वाहनांनी काय करावे, याचे उत्तर निरनिराळ्या देशांच्या कायद्यांनी निरनिराळे दिले आहे. अमेरिकेच्या ५० ही राज्यांत बसचे लाल दिवे उघडझाप करू लागले आणि तिच्या कुशीतून 'थांबा' असे लिहिलेला अष्टकोनी फलक बाहेर आला की मागच्या वाहनांना जागीच थांबावे लागते आणि, दुभाजक असलेल्या रस्त्यांचे अपवाद सोडले तर, समोरून येणाऱ्यांनाही. जर्मनीत धोक्याचे दिवे लावून उभ्या असलेल्या बसशेजारून दोन्ही दिशांच्या वाहनांना केवळ चालत्या माणसाच्या गतीने जाता येते. जपानचा कायदा सांगतो की अशा बसशेजारून जाताना वेग इतका उतरवावा की वाहन तत्काळ थांबवता येईल. भारतात १९८९ च्या नियमांची जागा घेणाऱ्या २०१७ च्या मोटार वाहने (चालन) विनियमांनी पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य चालकावर टाकले आहे, परंतु उभ्या बसभोवती दोन्हीकडची वाहतूक आपोआप थबकावी अशी सवय येथील रस्त्यांना लागलेली नाही.

या नियमांची मात्रा कमीजास्त असली तरी त्यांच्या मुळाशी असलेली कल्पना एकच आहे आणि विचार करू जाता ती बरीच विलक्षण आहे. चालकाच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी मूल नसते. असते ती उभी बस आणि तिच्या आड मूल असण्याची शक्यता. ते मूल रस्ता ओलांडणारच असे नाही, कदाचित ते डावीकडे उतरून डावीकडच्याच वस्तीकडे निघूनही गेले असेल, कदाचित त्या थांब्यावर उतरणारे मूल आज शाळेत गेलेच नसेल. तरीही नियम चालकाला थांबवतो किंवा त्याची गती जवळजवळ काढून घेतो. जे दिसत नाही आणि ज्याचे असणेही निश्चित नाही, अशा कोणाचे माणूस काही देणे लागतो काय, आणि लागत असेल तर ते दयेपोटी, धर्म म्हणून की निव्वळ दंडाच्या धाकाने, हा प्रश्न वाहतूक शाखेच्या दप्तरात मावणारा नाही. तो नीतिविचाराचा आणि काही अंशी धर्मविचाराचा प्रश्न आहे.

धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यात हा प्रश्न पिवळ्या बसपुरता मर्यादित ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर १९९७ रोजी एम. सी. मेहता यांच्या दिल्लीतील वाहतुकीविषयीच्या प्रकरणात शाळेच्या बसवर पुढे-मागे 'स्कूल बस' असे लिहिणे, तिच्या दाराला भरवशाची कडी असणे, सोबत जाणता मदतनीस असणे इत्यादी निर्देश दिले, आणि महाराष्ट्राने २०११ साली स्कूल बससाठी स्वतंत्र नियम करून प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी अशी तरतूद केली. पण हे बहुतेक सारे बसच्या आत किंवा बसच्या अंगावर घडते, बसबाहेरच्या त्या चार पावलांबद्दल त्यात फारसे काही नाही. शिवाय शिराढोण, इटकूर, मोहा, खामसवाडी, येरमाळा अशा गावांतून आणि त्यांच्या शिवारातल्या वस्त्यांवरून शिकायला जाणाऱ्या पुष्कळ मुलामुलींची शाळेची बस म्हणजे पासावर चालणारी एसटीची लाल गाडी असते, आणि ती जेथे थांबते तो फाटा, म्हणजे मुख्य रस्त्यावरून गावाकडे वाट जेथे फुटते ती जागा, बहुधा एखादे झाड, एखादी टपरी आणि गावाच्या नावाची पाटी एवढ्यावरच ओळखली जाते. गाळपाच्या हंगामात रांजणीच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या याच रस्त्यांवर असतात, आणि येरमाळ्याला तर धुळे–सोलापूर महामार्गाची रहदारी असते. भारतात वाहने डावीकडून चालतात व बसचे दार डावीकडे उघडते, म्हणून उजवीकडे घर असलेल्या मुलाला बसच्या पुढून तरी रस्ता ओलांडावा लागतो किंवा मागून तरी. पुढून ओलांडले तर बसला मागे टाकून जाणाऱ्याला ते दिसत नाही, मागून ओलांडले तर समोरून येणाऱ्याला दिसत नाही. बस हीच येथे आडभिंत होते.

अशा ठिकाणी नीतीचा पाया म्हणून सहसा पुढे केली जाते ती करुणा. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात चिनी तत्त्वज्ञ मेन्सियस याने असा युक्तिवाद केला होता की विहिरीत पडू पाहणारे मूल अचानक दृष्टीस पडले तर कोणत्याही माणसाच्या काळजात धस्स होते, आणि ते मुलाच्या आईबापांची मर्जी मिळावी म्हणून किंवा चारचौघांत नाव व्हावे म्हणून होत नाही, त्यावरून माणसात मुळातच परदुःखाची जाणीव आहे असे ठरते. या युक्तिवादाचे बळ मान्य करूनही त्यातली अट नजरेआड करता येत नाही, ती अशी की मूल दृष्टीस पडले पाहिजे. मराठीत ज्याला कळवळा म्हणतात तो समोरच्या जिवाला पाहून येतो. बसच्या पत्र्याला पाहून कोणाला कळवळा आल्याचे ऐकिवात नाही. म्हणून उभ्या बसचा नियम करुणेचा विस्तार आहे असे म्हणणे सोपे असले तरी नेमके नाही. करुणा जेथे पोहोचू शकत नाही तेथे हा नियम सुरू होतो, आणि करुणा जागी होईपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो हे त्याचे गृहीत आहे.

भारतीय धर्मशास्त्राने, म्हणजे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त यांचे विवेचन करणाऱ्या स्मृती व सूत्रे यांच्या परंपरेने, रस्त्यावरच्या वर्तनाचा विचार केलेला नाही असे समजण्याचे कारण नाही. वाट कोणाला द्यावी याच्या याद्या अनेक ग्रंथांत आहेत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील यादीत चाकांच्या वाहनातून जाणारा, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक म्हणजे गुरुगृहीचे अध्ययन पुरे केलेला विद्यार्थी, राजा आणि नवरदेव यांना वाट द्यावी असे सांगितले आहे. बौधायन धर्मसूत्रात आंधळा, गर्भवती आणि दुर्बल यांचाही उल्लेख येतो. या याद्या वाचताना दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली ही की मनूच्या यादीत वाहनाने पायी माणसाला वाट द्यायची नसून पायी माणसाने वाहनाला वाट द्यायची आहे. भरलेली गाडी अरुंद चाकोरीतून सहज बाहेर काढता येत नाही हे त्यामागचे व्यावहारिक कारण असावे असे अनुमान करता येते, पण कारण कोणतेही असले तरी रस्ता आधी चाकांचा ही समजूत येथे स्पष्ट आहे. दुसरी ही की या यादीत मूल नाही. बौधायनाच्या 'दुर्बल' या शब्दात ते ओढूनताणून बसवता येईल. परंतु ज्यांना मान द्यायचा किंवा ज्यांची कीव करायची अशा माणसांच्या या रांगेत मुलाला स्वतःची जागा नाही, कदाचित मूल एकटे रस्त्यावर असेल अशी कल्पनाच शास्त्रकारांना करावी लागली नसेल म्हणून.

याहून महत्त्वाचे विवेचन मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे, जेथे गाडीमुळे झालेल्या इजेची जबाबदारी कोणाची हे ठरवले आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, गाडी आडवी किंवा उलटी फिरली, कणा किंवा चाक मोडले, बांधणीचे पट्टे, जोते किंवा कासरा तुटला, तर दंड नाही. आणि या दहा अपवादांतला शेवटचा अपवाद असा की गाडीवानाने 'बाजूला हो' असे ओरडून सांगितले असेल तरीही दंड नाही. चालक अडाणी असेल तर मालकाला दंड, चालक जाणता असूनही इजा झाली तर चालकाला, आणि चालक अडाणी असेल तर गाडीत बसलेल्यांनाही दंड, अशी पुढची विभागणी आहे; क्षमतेच्या दुप्पट मुले कोंबलेल्या व्हॅनमध्ये आपलेही मूल बसवणाऱ्या पालकांनी ही शेवटची तरतूद एकदा वाचावी. मात्र विचाराच्या दृष्टीने कळीचा आहे तो ओरडण्याचा अपवाद. त्याचा अर्थ असा की इशारा दिला की चालकाचे कर्तव्य संपले आणि बाजूला होण्याचे कर्तव्य ऐकणाऱ्यावर गेले. आजच्या रस्त्यावरचा हॉर्न हा त्या आरोळीचाच वारस आहे. फाट्यावर उभ्या असलेल्या एसटीला वळसा घालताना वेग न उतरवता नुसता हॉर्न दाबून धरणारा चालक, त्याला मनूचे नावही ठाऊक नसले तरी, त्या दहाव्या अपवादाचा आधार घेत असतो. आपण सांगितले होते, मुलानेच ऐकले नाही, असे त्याला नंतर म्हणता येते.

हा अपवाद ज्याच्या कानी आरोळी पडते तो तिचा अर्थ लावू शकतो, गाडी कुठून व किती वेगाने येत आहे हे ठरवू शकतो आणि त्याप्रमाणे हलू शकतो, अशा प्रौढ माणसाला गृहीत धरतो. मूल असे नसते. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ स्टीना सँडेल्स यांनी १९६० च्या दशकात लहान मुलांच्या रस्त्यावरील वर्तनाचा बारकाईने अभ्यास करून असा निष्कर्ष काढला की वेग आणि अंतर यांचा मेळ घालण्याची, आवाज कुठल्या बाजूने आला हे ओळखण्याची आणि एका गोष्टीत मन गुंतले असता दुसरीकडे लक्ष ठेवण्याची शक्ती लहान मुलांत पुरेशी आलेली नसते, आणि ती केवळ शिकवणीने आणता येत नाही, म्हणून मुलांना रहदारीजोगे करण्यापेक्षा रहदारी मुलांजोगी करावी. 'पोरांना शिस्त लावा' हा जो उपाय अपघातानंतर हटकून सुचवला जातो, त्याचा बराचसा आधार यामुळे गळून पडतो.

तरीही मनूवर एवढ्यावरच ताशेरे ओढणे अन्यायाचे होईल, कारण त्याच प्रकरणात आणखी एक वाक्य आहे. रस्ता गुरांनी किंवा दुसऱ्या रथाने अडलेला असताना गाडीवानाने कोणा प्राण्याचा जीव घेतला, तर दंड निःसंशय द्यावा, असे ते सांगते. म्हणजे समोर वाहन उभे असणे ही परिस्थितीच चालकाची सबब हिरावून घेते. अडलेल्या रस्त्यावर आरोळी पुरत नाही. उभ्या बसच्या आधुनिक नियमाचा इतका जवळचा पूर्वज दोन हजार वर्षांच्या आसपासच्या ग्रंथात सापडावा याचे आश्चर्य वाटते. पण त्या पूर्वजाकडेही दंड आहे तो जीव गेल्यानंतर. जीव जाण्याआधी, कोणी दिसत नसताना, नुसते थांबण्याचे कर्तव्य तेथे सांगितलेले नाही.

ते कर्तव्य शोधायचे तर जैन आचारशास्त्राकडे वळावे लागते, आणि धाराशिव जिल्ह्याला ते परके नाही. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे कुलभूषण व देशभूषण या मुनींचे मोक्षस्थान मानले जाते आणि आचार्य शांतिसागर यांनी १९५५ साली तेथेच सल्लेखना, म्हणजे अन्नपाण्याचा क्रमाने त्याग करून देह ठेवण्याचे व्रत, पूर्ण केले. जैन मुनींनी पाळायच्या पाच समितींपैकी, म्हणजे सावधपणाच्या शिस्तींपैकी, पहिली ईर्यासमिती. ईर्या म्हणजे चालणे. दिवसाच्या उजेडात, रुळलेल्या वाटेने, पुढची जुवाएवढी म्हणजे सुमारे चार हात जमीन न्याहाळत, पायाखाली जीव येणार नाही अशा बेताने चालावे, असा तिचा आशय आहे. तिच्या मागे हिंसेची एक नेमकी व्याख्या आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राप्रमाणे प्रमादयुक्त वर्तनाने प्राण घेणे म्हणजे हिंसा. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, अवधान सुटणे. कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात हाच विचार टोकाला नेऊन म्हटले आहे की जीव मरो वा न मरो, बेसावधपणे वागणाऱ्याला हिंसेचा दोष लागतोच, आणि पूर्ण सावध असणाऱ्याच्या हातून केवळ इजा घडली म्हणून त्याला बंध होत नाही. धर्मशास्त्राने दोष परिणामात पाहिला. जैन विचाराने तो अवधानाच्या अभावात पाहिला, आणि त्यामुळे परिणाम न झालेल्या कृतीलाही नैतिक वजन प्राप्त झाले. बसला भरधाव मागे टाकून गेलेला आणि ज्याच्या वाटेत कोणी आले नाही असा चालक या दृष्टीने निर्दोष नसतो. फक्त त्याच्या दोषाला साक्षीदार नसतो.

परंतु चार हातांचे माप पायी चालणाऱ्यासाठी आहे, कारण चालणारा माणूस चार हातांच्या आत नक्की थांबू शकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला १६ ते १७ मीटर पुढे जाते. डोळ्यांनी पाहिलेले पायापर्यंत पोहोचायला साधारण सेकंदभर लागतो आणि त्यानंतर ब्रेकचे अंतर धरले तर चांगल्या स्थितीतल्या मोटारीलाही कोरड्या रस्त्यावर थांबायला ३५ ते ४० मीटर लागतात, तेच २० च्या वेगाला सात-आठ मीटर पुरतात. म्हणजे जुवाचे माप वेगाबरोबर लांबत जाते. उभी बस नेमके हेच माप तोडते. लांबवर रस्ता मोकळा दिसत असला तरी बसच्या कोपऱ्याजवळचा रस्ता दोन मीटरसुद्धा दिसत नसतो. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल इतकीच गती ठेवणे, आणि काहीच दिसत नसेल तर गतीच सोडणे, हे ईर्यासमितीचे चाकांवरचे रूप म्हणता येईल. जपानी आणि जर्मन नियम या रूपाच्या जवळ आहेत. अमेरिकी नियम त्याच्याही पुढे जातो, आणि तो पुढे का जातो हे पाहण्याआधी एका अधिक अवघड उदाहरणाकडे वळणे भाग आहे.

कळंबहून ढोकीमार्गे दक्षिणेला गेले की तेरणेच्या काठी तेर लागते. प्राचीन तगर नगरीचे हे स्थान वारकरी संप्रदायात गोरोबाकाकांचे, म्हणजे संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि तेथील समाधीच्या दर्शनाला या भागातील माणसे लहानपणापासून जातात. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तिविजयातून आणि त्याआधीपासूनच्या कीर्तनपरंपरेतून घरोघर पोहोचलेली कथा अशी की गोरोबा मडक्यांसाठी चिखल तुडवीत विठ्ठलनामात तल्लीन झाले असताना, पाणी आणायला गेलेल्या बायकोने त्यांच्या भरवशावर ठेवलेले रांगते मूल चिखलात आले आणि त्यांच्याच पायांखाली तुडवले गेले, आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. ही कथा शतकानुशतके भक्तीच्या परमोच्च अवस्थेचा दाखला म्हणून सांगितली गेली आहे. भान हरपणे हा भक्तीत गुण आहे. वर सांगितलेल्या जैन परिभाषेत तोच शब्द प्रमादाचा पर्याय ठरतो. एकाच मनःस्थितीला दोन परंपरांनी अशी दोन विरुद्ध मोले द्यावीत आणि दोन्हींच्या मध्यभागी एक मूल असावे, हा योगायोग थांबून पाहण्याजोगा आहे.

कथेचा पुढचा भाग सहसा घाईने सांगितला जातो, पण तिचा खरा पेच तेथे आहे. शोकाने भडकलेल्या बायकोने विठ्ठलाला दूषणे दिली, गोरोबा तिच्यावर धावून गेले, तिने आपल्या अंगाला हात लावाल तर विठ्ठलाची आण आहे असे म्हटले, आणि पुढे झोपेत त्यांचे हात लागून ती आण मोडली तेव्हा त्यांनी ते हात तोडून टाकले. म्हणजे हात गेले ते आण मोडल्याबद्दल. मुलाबद्दल कथेत कोणतेही प्रायश्चित्त नाही. मुलाचा हिशेब चमत्काराने मिटवला आहे, पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात टाळी वाजवायला गेलेल्या गोरोबांना हात फुटतात आणि मूल रांगत परत येते. या चमत्काराकडे भाबडी भर म्हणून पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घेतलेली नसते. मूल परत आणल्यावाचून ही कथा सांगताच येत नव्हती; बापाची तल्लीनता कितीही थोर असली तरी मुलाच्या मृत्यूची ती भरपाई होऊ शकत नाही, हे परंपरेने तर्काने मांडले नाही, पण कथेचा शेवट बदलायला नकार देऊन ते मान्य केले. विठ्ठलाला तेथे भक्ताचे ऋण फेडावे लागते असे म्हणतात, आणि नीट पाहिले तर ते ऋण मुलाचे आहे.

इंग्लंडमधील तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली 'नैतिक दैव' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रश्नाची चर्चा करताना, स्वतःची काही चूक नसताना ज्याच्या गाडीखाली मूल सापडले अशा ट्रकचालकाचेच उदाहरण घेतले होते. नैतिक दैव म्हणजे माणसाच्या हातात नसलेल्या योगायोगाने त्याच्या कृतीचे मोल बदलणे. विल्यम्स यांचे निरीक्षण असे की हा चालक बघ्यांपेक्षा वेगळ्या तऱ्हेने व्याकूळ होतो, इतरांनी 'तुझी चूक नव्हती' असे समजावणे योग्यच असते, पण तो ते समजावणे फार लवकर पटवून घेईल तर त्याच्याविषयीच शंका येईल. थॉमस नेगेल यांनी त्याच चर्चेत दाखवले की सारख्याच निष्काळजी दोन चालकांपैकी ज्याच्या वाटेत मूल आले त्यालाच जग दोषी मानते. भारतातील कायद्याने या कोड्याचा एक भाग पैशापुरता सोडवला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीतून आलेल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या कलम १६४ प्रमाणे मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर इजेबद्दल २.५ लाख रुपये कोणाचा दोष आहे हे सिद्ध न करता द्यावे लागतात. दोष नसतानाही देणे उरते हे कायद्याने कबूल केले. मात्र ते देणे विमा कंपनीच्या खात्यातून जाते, आणि विल्यम्स ज्या व्याकुळतेविषयी बोलत होते तिचा विमा उतरवता येत नाही. उभ्या बसचा नियम या दोन्हींच्या आधी येतो. चालकाच्या वाट्याला काय यावे हे बसच्या आड त्या दिवशी मूल होते की नव्हते यावर तो सोडत नाही. दोन्ही चालकांना थांबवून तो योगायोगाचा कारभारच बंद करतो.

अमेरिकी नियमावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. चालक कुशल आहे, रस्ता रुंद आहे, बसचा मदतनीस मुलांना हाताला धरून पलीकडे नेत आहे हे स्पष्ट दिसते आहे. मग वेग उतरवणे पुरेसे असताना पूर्ण थांबण्याची सक्ती कशासाठी? याचे उत्तर पूर्वमीमांसेच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्राच्या, एका पारिभाषिक भेदातून चांगले उलगडते. एखादे फळ अनेक मार्गांनी साधता येत असताना त्यांतला एकच मार्ग घ्यावा असे सांगणाऱ्या वाक्याला मीमांसक नियमविधी म्हणतात. त्यांचे ठरलेले उदाहरण भाताचे आहे. यज्ञासाठी लागणारा तांदूळ नखांनी सोलूनही निघेल, पण तो कांडूनच काढावा असे वाक्य सांगते, आणि कांडण्याचा आग्रह धरल्यामुळे तांदूळ निघण्यापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे असे एक फळ मिळते असे ते मानतात. मूल वाचवण्याचे मार्गही अनेक आहेत, त्वरेने ब्रेक लावणे, हॉर्न देणे, बाजूने अंतर ठेवणे. नियम त्यांतला एकच, थांबण्याचा, सक्तीचा करतो. येथेही वाचलेल्या मुलापलीकडे एक फळ मिळते, फरक इतकाच की ते पारलौकिक नसून लौकिकच आहे. प्रत्येक चालकाने आपापल्या कौशल्याप्रमाणे निर्णय घेतला तर रस्ता ओलांडणाऱ्याला प्रत्येक वाहनाचा वेगळा अंदाज बांधावा लागतो, आणि सगळे थांबले तर कोणताच अंदाज बांधावा लागत नाही. ज्याला अंदाज बांधता येत नाही त्याच्यापुरते जग सोपे करणे हे त्या नियमाचे अदृष्ट फळ, आणि चालकाच्या कौशल्याचा थोडा अपमान ही त्याची किंमत. ती फार नाही.

खरी अडचण मात्र वेगळी आहे आणि ती कळंबसारख्या ठिकाणी अधिक टोचते. जो नियम सर्वांनी पाळल्यावरच अर्थपूर्ण होतो तो एकट्याने पाळावा काय? येरमाळ्याच्या रस्त्यावर फाट्याला उभ्या असलेल्या एसटीमागे एकच चालक थांबला, तर मागचा ट्रक त्याच्यावर येऊन आदळण्याचे भय असते. त्याहून वाईट असे की थांबलेले वाहन पाहून मुलाला रस्ता आपला झाला असे वाटते आणि ते पाऊल टाकते तेव्हा त्या थांबलेल्या वाहनालाही वळसा घालून तिसरे कोणी येत असते. एकाच्या धर्माने दुसऱ्याच्या प्रमादासाठी सापळा तयार होतो. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रहाची कल्पना, म्हणजे ज्यांच्याकडे लोक पाहतात त्यांनी समाज एकत्र धरून ठेवील असे वर्तन आधी करावे ही शिकवण, येथे आठवते, आणि त्या कल्पनेचा नेहमीचा अर्थ असा की थोरांनी उदाहरण घालून द्यावे. पण फाट्यावर थोर कोण? एसटीचा चालक, उसाच्या ट्रॅक्टरचा चालक आणि रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने मोटारसायकलवर शाळेत जाणारे शिक्षक, हे तिघे प्रत्येक फाटा ओळखतात आणि त्यांना प्रत्येक फाटा ओळखतो. नियमाची सवय लागायची तर ती महामार्गावरून एकदाच जाणाऱ्या परप्रांतीय ट्रकपासून लागणार नाही, या तिघांपासून लागेल, कारण त्यांचे थांबणे उद्याही दिसते आणि परवाही. एसटीच्या चालकाला तर आणखी एक गोष्ट करता येते जी कोणत्याही नियमात लिहिलेली नसली तरी चालते. मुले पलीकडे पोहोचेपर्यंत तो गाडी हलवत नाही आणि खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना अडवतो. अष्टकोनी फलकाचे काम तेथे एक हात करतो.

आणि मग उरते ती एक बाब, जिचा संबंध चालकाशी नाही. गोरोबांच्या कथेतले मूल चिखलाकडे गेले नव्हते. ते बापाकडे गेले होते, आणि बाप चिखलात उभा होता. मूल धोक्याकडे ओढले जात नाही, ओळखीच्या माणसाकडे ओढले जाते. फाट्यावर मुलाला न्यायला आलेले आजोबा पुष्कळदा गावाकडच्या बाजूला, झाडाच्या सावलीत, म्हणजे बसच्या दाराच्या विरुद्ध बाजूला उभे असतात आणि बस थांबताच तेथूनच हात उंचावून नातवाला हाक मारतात.